स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया आणि अंगावरचे दूध

स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली की बाळाला अंगावर पाजता येत नाही, असे लातूर-बीडकडे अजूनही ठामपणे सांगितले जाते. हे सरसकट खरे नाही. प्रचलित पद्धतींपैकी बहुतेकींत स्तनाग्र सुटे न करता, रक्तवाहिन्या आणि काही दुग्धनलिकांसह आतल्या मांसल भागाला जोडलेलेच ठेवून वर सरकवले जाते. त्यामुळे अनेकींना पुढे दूध येते, मात्र ते कमी पडून वरचे दूध द्यावे लागू शकते. स्तनाग्र सुटे करून पुन्हा बसवावे लागले, तर मात्र पाजण्याची आशा जवळपास उरत नाही. नेमकी पद्धत कोणती, हे आधीच विचारावे.

हलकी कामे एक-दोन आठवड्यांत जमू लागतात. भरलेला हंडा कडेवर घेणे किंवा टँकरवरून घागरी वाहणे मात्र साधारण 4 ते 6 आठवडे टाळावे लागते. (ज्या घरात पाणी बाईच आणते, तिथे ही सोय तारीख ठरवण्याआधीच झालेली बरी.) मिश्री लावणे कित्येकींना व्यसन वाटतच नाही, परंतु तिच्यातील निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखम भरायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टरांपासून ती सवय लपवू नये. व्रण हळूहळू फिकट होतात, पुसले जात नाहीत.