स्नोमोबाईल आयडलला का बंद पडते?

बर्फावर सुसाट पळणारी स्नोमोबाईल थांबवली, अंगठ्याखालचा थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची दांडी, सोडला, की इंजिन दोन-चार आचके देऊन बंद. पुन्हा दोरी ओढा, पुन्हा तेच. कॅनडापासून फिनलंडपर्यंत हिवाळा सुरू झाला की ही तक्रार हमखास ऐकू येते.

क्यूबेकमधल्या व्हॅलकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांची स्की-डू ही स्नोमोबाईल १९५९ मध्ये बाजारात आली. पुढे या गाडीला टू-स्ट्रोक इंजिन इतके मानवले की आजही कित्येक स्नोमोबाईलमध्ये तेच असते. जुन्या गाड्यांमधला कार्ब्युरेटरही, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, आपल्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलमधल्या मिकुनी कंपनीच्या कार्ब्युरेटरच्याच घराण्यातला. त्यामुळे हे दुखणे आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना नवे वाटणार नाही.

मुळात आयडल, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाने संथ चालत राहणे, ही टू-स्ट्रोक इंजिनाची सगळ्यात नाजूक अवस्था. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये येते आणि तिथून वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. आत शिरणारे ताजे मिश्रणच जळालेल्या वायूला बाहेर रेटते. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने ताजे मिश्रण अगदी थोडे येते आणि जुना धूर बराचसा आतच राहतो. अशा भेसळीत ठिणगी पडूनही प्रत्येक वेळी पेट घेईलच असे नाही. धडधाकट टू-स्ट्रोकसुद्धा उभ्या उभ्या अडखळत वाजतो तो म्हणूनच. वेगात असताना जो बारीक दोष इंजिन सहज पचवते, तोच आयडलला त्याला बंद पाडतो.

आता कार्ब्युरेटर. पेट्रोल त्यात जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या तोटीतून, येते. पूर्ण थ्रॉटलला ते मेन जेटमधून येते, आयडलला मात्र पायलट जेटमधून. 'वर छान पळते, खाली मरते' असे कोणी सांगितले की पहिला संशय पायलट जेटवर घ्यावा. त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. उन्हाळाभर गाडी तशीच पडून राहिली की कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट पिवळसर थर उरतो. ०.४० मिलिमीटरच्या भोकात कडेने केवळ ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे केसाहूनही पातळ थर बसला तरी व्यास ०.३० वर येतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने पेट्रोलची वाट ४४ टक्क्यांनी आकसते. जेट काढून उजेडासमोर धरला की भोक गोल आणि लख्ख दिसायला हवे. साफ करायला क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. फारच झाले तर वायरमधली तांब्याची एक मऊ तार. पोलादी तार घातली की भोक मोठे होते आणि जेट कायमचा वाया जातो.

जेट उघडण्याआधी एक सोपी चाचणी करता येते. इंजिन गरम असताना चोक किंचित ओढून बघावा. या कार्ब्युरेटरमधला चोक हवा अडवत नाही, तो पेट्रोलची एक वेगळी वाट उघडतो. चोक ओढल्यावर इंजिन सुधारले तर पेट्रोल कमी पडते आहे. आणखी गुदमरले तर आधीच जास्त जाते आहे. हा चोक थ्रॉटल बंद असताना इंजिन आत जे जोरदार शोषण करते, त्या ओढीवर चालतो. गार इंजिन सुरू करताना थ्रॉटल दाबला की ती ओढच कमी होते, आणि कितीही दोरी ओढली तरी गाडी सुरू होत नाही.

पेट्रोल कमी पडत असेल आणि जेट स्वच्छ असेल, तर कुठून तरी चोरून हवा येते आहे. मला या सगळ्यात हाच दोष सर्वांत धोक्याचा वाटतो. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी बूट थंडीने कडक होऊन तडकतो, किंवा क्रँकशाफ्टच्या टोकाचे सील झिजते. याची खूण अशी की रेस देऊन सोडल्यावर इंजिनाचे फेरे झटकन खाली न येता वरच रेंगाळतात. बरेच जण अशा वेळी आयडलचा स्क्रू फिरवून वेळ मारून नेतात. पण मिश्रणातले पेट्रोल आत थंडावाही देते आणि ऑइल त्यातच मिसळलेले असेल तर वंगणही त्याच्याबरोबरच येते. पेट्रोल कमी म्हणजे दोन्ही कमी. अशा गाडीला मोकळ्या बर्फावर पूर्ण थ्रॉटल दिला की पिस्टन जाम होतो, प्रसंगी त्याला भोकही पडते. शिवाय स्क्रूने आयडल फार वर नेले तर क्लच गाडी ओढणाऱ्या पट्ट्याला (बेल्टला) पकडू लागतो आणि उभी गाडी आपोआप पुढे सरकते.

थंडीही इथे हिशेबात धरावी लागते. उणे ३० अंशांवरची हवा २० अंशांवरच्या हवेपेक्षा सुमारे २० टक्के घन असते. पेट्रोल तेवढेच राहिले तर मिश्रण आपोआप हवेकडे झुकते. उंचीवर उलटे घडते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशाहून थोडा कमी. थंडी धरूनही तिथली हवा विरळच पडते. सपाटीसाठी जेट बसवलेली गाडी तिथे काळा धूर टाकते आणि ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग काजळतात.

दोन सिलिंडरच्या गाडीत दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवावेत. दोन्ही काळे आणि ओले असतील तर कारण दोघांना सामाईक, जसे की तुंबलेला एअर बॉक्स, म्हणजे कार्ब्युरेटरकडे हवा नेणारा डबा. एकच काळा असेल तर त्याच बाजूचा कार्ब्युरेटर बघावा. बऱ्याचदा चोकचा प्लंजर (दट्ट्या) नीट खाली बसलेला नसतो.

पेट्रोलमधले पाणीही असाच त्रास देते. साध्या पेट्रोलखाली ते तळाशी साचून गोठते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल थोडे पाणी सामावून घेते, पण गारठा वाढला की ही क्षमता घटते आणि पाणी व इथेनॉलचा थर वेगळा होऊन खाली बसतो. कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरण्याचा त्रास मात्र कडाक्याच्या थंडीत कमी आणि शून्याच्या आसपासच्या दमट हवेत जास्त होतो, कारण फार गार हवेत बाष्पच नसते.

नव्या, कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत जेट नसतात. तिथे थ्रॉटल बॉडीवरची काजळी आणि सेन्सर तपासतात.

आणि कार्ब्युरेटर खोलण्याआधी थ्रॉटलची केबल जरूर पाहावी. काही बनावटींमध्ये थ्रॉटलच्या दांडीपाशी एक सुरक्षा-स्विच असतो. थ्रॉटल गोठून उघडा अडकला तर केबल सैल पडते आणि हा स्विच ठिणगी तोडतो. पण केबल नुसती ताणल्याने सैल झाली असेल तरी स्विच तेच करतो: अंगठा उचलला की इंजिन खटकन बंद. केबलचा ताण कंपनीच्या मापानुसार बसवला की हा दोष जातो, कार्ब्युरेटरला हातही लावावा लागत नाही.