एम्स चाचणी आणि मायक्रोन्यूक्लियस चाचणी: कोणती काय सांगते

बेंझिनमुळे माणसाला रक्ताचा कर्करोग होतो, हे पक्कं ठाऊक आहे. तरीही जिवाणूंवर केल्या जाणाऱ्या एम्स चाचणीत बेंझिन निगेटिव्ह येतं, म्हणजे ते डीएनए बिघडवत नाही असं दिसतं, आणि उंदराच्या अस्थिमज्जेतल्या मायक्रोन्यूक्लियस चाचणीत पॉझिटिव्ह. सोडियम अझाइडचं नेमकं उलटं. एम्समध्ये त्याने जिवाणूंच्या इतक्या वसाहती उगवतात की पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे चाचणी नीट चालते आहे ना हे बघायला, तेच वापरतात. सस्तन प्राण्यांत मात्र तसा परिणाम दिसत नाही, कारण जिवाणू त्याचं अझिडोअ‍ॅलनिन करतात आणि डीएनए बिघडवण्याचं काम पुढे तिथून होतं. जेनेटिक टॉक्सिकॉलॉजीत, म्हणजे रसायनांनी डीएनएला होणाऱ्या इजेच्या अभ्यासात, नव्याने येणारे बरेच जण या दोन चाचण्या एकमेकींची उलटतपासणी आहेत असं धरून चालतात. तसं नाही, कारण दोघींचे प्रश्नच वेगळे आहेत.

एम्सचा प्रश्न असा: डीएनएची अक्षरं बदलली का? ब्रूस एम्स यांनी बर्कलीत तयार केलेल्या साल्मोनेला जिवाणूच्या वाणांना हिस्टिडिन हे वाढीला लागणारं अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही, कारण ते जनुक आधीच बिघडलेलं असतं. रसायनाने तो बिघाड उलटवला, तर जिवाणू हिस्टिडिनशिवाय वाढून वसाहत करतो. टीए १०० आणि टीए १५३५ मध्ये एका अक्षराच्या जागी दुसरं आलेलं असतं. टीए ९८ आणि टीए १५३७ मध्ये वाचनाची चौकटच सरकलेली असते. म्हणून एका वाणावर भागत नाही, पाच लागतात.

काम हाताचं आहे. ४५ अंशांवर पातळ ठेवलेल्या २ मिली टॉप आगरमध्ये (प्लेटवरच्या वरच्या थराच्या जेलीत) रात्रभर वाढवलेलं कल्चर ०.१ मिली, नमुना ०.१ मिली आणि एस ९ मिश्रण किंवा बफर ०.५ मिली घालायचं, ढवळून लगेच प्लेटवर ओतायचं आणि ३७ अंशांवर ४८ ते ७२ तास ठेवायचं. एस ९ म्हणजे रॅटच्या यकृताचा अर्क. बेंझोपायरीनसारखी रसायनं यकृतातल्या एन्झाइमांनी बदलल्यावरच घातक होतात आणि जिवाणूंकडे ती एन्झाइमं नसतात.

चुका होतात त्या मोजताना. टॉप आगरमध्ये हिस्टिडिन मुद्दाम लेशमात्र ठेवतात, म्हणजे सगळे जिवाणू थोडे वाढतात आणि प्लेटवर पुसट धुक्यासारखा थर दिसतो. डोस विषारी झाला की बहुतेक जिवाणू मरतात. उरलेल्यांच्या वाट्याला जास्त हिस्टिडिन येतं आणि ते टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती करतात. त्या रिव्हर्टंट, म्हणजे बिघाड उलटल्यामुळे उगवलेल्या, नव्हेत. वसाहती मोजायच्या आधी प्लेट स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरून हा थर शाबूत आहे का ते बघावंच. शंका आली तर ती वसाहत उचलून हिस्टिडिन नसलेल्या प्लेटवर रेघ ओढा: खरी असेल तर उगवेल. अन्नपदार्थांच्या अर्कात हिस्टिडिन आधीच असतं, तिथे हा गोंधळ दुप्पट.

मायक्रोन्यूक्लियस चाचणी अक्षरं बघत नाही. गुणसूत्र तुटलं का, किंवा पेशी विभागताना अख्खं गुणसूत्र मागे राहिलं का, हे ती बघते. असा भाग पेशीत वेगळा छोटा ठिपका होऊन दिसतो, तोच मायक्रोन्यूक्लियस. कोल्चिसिन एम्समध्ये सुटतं ते यामुळेच: ते गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंना खीळ घालतं आणि तसे तंतू साल्मोनेलात नसतात.

तांबडी रक्तपेशी निवडण्यामागे सुरेख कारण आहे. तयार होता होता ती आपलं मुख्य केंद्रक बाहेर टाकते, पण तुटका तुकडा आत राहू शकतो, आणि रिकाम्या पेशीत तो एकटा ठिपका उठून दिसतो. एकच डोस दिला असेल तर अस्थिमज्जा २४ ते ४८ तासांच्या दरम्यान दोनदा घ्यावी लागते. घाई केली तर तुकडा अजून तयार नसतो, उशीर केला तर पेशी अस्थिमज्जेतून पुढे रक्तात निघून गेलेल्या असतात. ओईसीडी ४७४ या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाप्रमाणे दर प्राण्यामागे किमान ४,००० अपक्व तांबड्या पेशी तपासायच्या, आणि स्लाइडवर सांकेतिक क्रमांक टाकून, म्हणजे मोजणाऱ्याला गट कळत नाही.

गिम्सा रंगात मास्ट पेशींचे दाणे आणि रंगाचा गाळ हुबेहूब मायक्रोन्यूक्लियससारखे दिसतात. फोकस वरखाली करा. गाळ चमकतो, खरा ठिपका गोल, गुळगुळीत आणि मंदच राहतो. अ‍ॅक्रिडिन ऑरेंज या दुसऱ्या रंगाने हा प्रश्न बराचसा मिटतो: आरएनए नारिंगी-तांबडं, डीएनए पिवळट-हिरवं. आणि निगेटिव्ह निकालाला तेव्हाच अर्थ असतो, जेव्हा रसायन अस्थिमज्जेपर्यंत पोचल्याचा पुरावा हातात असतो. अहवालात हा पुरावा नसेल, तर तो निकाल मी तरी धरणार नाही.

नोकरीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. एम्ससाठी सूक्ष्मजीवशास्त्राचा निर्जंतुक हात लागतो. दुसरीसाठी प्राणी हाताळण्याचं प्रशिक्षण आणि मायक्रोस्कोपला सरावलेली नजर. औषधांसाठीच्या आयसीएच एस २ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात दोन्ही प्रकारचा पुरावा लागतो, म्हणून स्टडी डायरेक्टर, म्हणजे अख्ख्या अभ्यासाला जबाबदार माणूस, व्हायचं असेल तर एकाच बाकावर वर्षानुवर्षं बसून चालत नाही. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेत पूर्णपणे आहे. इथल्या जीएलपी (प्रयोगशाळेतल्या कामाच्या दर्जाचे नियम) पाळणाऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल या व्यवस्थेतल्या इतर देशांतही चालतो.

पर्यावरणाच्या कामात वाटणी आणखी उघड होते. हवेतल्या धुळीचा अर्क थोडासाच मिळतो आणि नमुने मात्र ढीगभर असतात, तिथे एम्सच बरी. डिझेलच्या धुरातली नायट्रो-संयुगं टीए ९८ वर एस ९ शिवायच दिसतात. माणसांवरचा परिणाम मोजायचा तर मायक्रोन्यूक्लियस. तंबाखू-चुना किंवा मिश्री वापरणाऱ्यांच्या गालाच्या आतून पेशी खरवडून घेता येतात, सुई टोचावी लागत नाही. त्या स्लाइड फक्त डीएनए रंगवणाऱ्या फॉयल्गनने रंगवाव्यात, गिम्सात केराटिनचे दाणे फसवतात. खोलवरच्या थरात इजा झालेली पेशी वर यायला साधारण १ ते ३ आठवडे लागतात. म्हणून कालच तंबाखू सोडलेल्या माणसाच्या स्लाइडवर दिसते ती गेल्या काही आठवड्यांतली इजा.