कृतिसंशोधन आलं कुठून? फाईलच्या आधीची गोष्ट

बीएड किंवा डीएड केलेल्या कुणालाही कृतिसंशोधन म्हटलं की पहिल्यांदा आठवतं ते सबमिशन. समस्या, कारणं, गृहीतक, पूर्वचाचणी, उपाययोजना, उत्तरचाचणी, निष्कर्ष, मग टायपिंग, बाइंडिंग, सही-शिक्का. व्हॉट्सॲपवर तयार पीडीएफ फिरतात, त्यात शाळेचं नाव बदललं की झालं. त्यामुळे खूप शिक्षकांना हा वरून आलेला अजून एक कागद वाटतो, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण याचा मागचा इतिहास बघितला तर ही गोष्ट बरोबर उलट्या कारणासाठी सुरू झाली होती. वर्गातला प्रश्न वर्गात उभं राहणाऱ्या माणसानेच विचारावा आणि उत्तरही त्यानेच करून बघून शोधावं, यासाठी.

सुरुवात शाळेत झालीच नाही. कर्ट लेविन नावाचे ज्यू मानसशास्त्रज्ञ, हिटलर सत्तेवर आल्यावर 1933 मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेले आणि पुढे आयोवा विद्यापीठात होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती, सरकारला वाटत होतं की लोकांनी काळीज, गुर्दे असे एरवी न खाल्ले जाणारे भाग खावेत, पण घराघरात ते पटवायचं कसं? लेविन यांनी बायकांचे काही गट घेतले. काही गटांना छान लेक्चर दिलं, पोषण, देशसेवा, पाककृती सगळं सांगितलं. बाकीच्या गटांना लेक्चर न देता चर्चा करू दिली, अडचणी बोलू दिल्या आणि शेवटी काय करायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दिलं. नंतर विचारल्यावर लेक्चरवाल्यांपैकी जेमतेम 3 टक्के बायकांनी तो पदार्थ घरी केला होता आणि चर्चा करून ठरवलेल्यांपैकी 32 टक्के. रोज सहा-सात तास बोलून घसा बसवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे दोन आकडे एकदा शांतपणे बघावेत असं मला वाटतं.

1946 मध्ये लेविन यांनी अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवर एक लेख लिहिला आणि त्यात कृतिसंशोधनाची ही पद्धत मांडली: योजना करा, कृती करा, काय झालं ते तपासा, त्यावरून पुढची योजना बदला आणि परत करा. नुसती पुस्तकं निर्माण करणारं संशोधन पुरेसं नाही असं त्यांनी तिथे स्पष्ट लिहिलं. त्याच सुमारास जॉन कॉलियर, जे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कारभाराचे आयुक्त होते, तेही "कृतिसंशोधन" हाच शब्द वापरत होते. लेविन 1947 मध्ये गेले, शाळांमध्ये याचं काय होतं ते त्यांना बघायला मिळालं नाही.

शाळेत आणलं ते कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या स्टीफन कोरी यांनी. त्यांचं 1953 चं पुस्तक आपल्याकडच्या बीएडच्या नोट्समध्ये अजूनही असतं. त्यांचं म्हणणं साधं होतं, दुसऱ्याने केलेलं संशोधन वाचून शिक्षक फारसा बदलत नाही, स्वतःच्या वर्गातली अडचण स्वतः तपासली तर बदलतो. विद्यापीठातल्या लोकांना हे रुचलं नाही. ही हौशी माणसं, यांना सांख्यिकी येत नाही, शिकवायचा वेळ यात जातो, अशी टीका झाली. त्यात 1957 मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेत एकदम घबराट झाली की आपलं विज्ञान शिक्षण मागे पडलंय, मग पैसा आणि मान दोन्ही गेलं तज्ज्ञांकडे, अभ्यासक्रम तज्ज्ञांनी बनवायचा आणि शिक्षकाने तो वर्गात उतरवायचा. कृतिसंशोधन तिथे जवळजवळ बाजूला पडलं.

ते परत उभं राहिलं इंग्लंडमध्ये, आणि मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो. शाळा सोडायचं वय 16 वर नेण्याची तयारी चालू होती, म्हणजे ज्या मुलांना शाळेत रस उरला नाही तीही आता अजून एक वर्ष वर्गात बसणार, त्यांना शिकवायचं काय? लॉरेन्स स्टेनहाऊस यांनी 1967 मध्ये ह्युमॅनिटीज करिक्युलम प्रोजेक्ट सुरू केला. युद्ध, गरिबी, कुटुंब, कायदा असे वादाचे विषय, आणि शिक्षकाने स्वतःचं मत न लादता फक्त चर्चा चालवायची. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. म्हणून शिक्षक आपल्याच तासाचं टेप रेकॉर्डिंग करून ऐकायचे. त्यांच्याबरोबर काम करणारे जॉन एलियट, जे स्वतः आधी शाळेत शिकवायचे, त्यांना यातून एक गोष्ट सापडली. चर्चेत शिक्षक मधेच विचारायचे, "मग सगळ्यांना मान्य आहे ना?" आणि वर्ग गप्प. शिक्षकांना वाटायचं मान्य आहे, मुलांना वेगळं बसवून विचारलं तर कळलं की सरांना आता आपण हो म्हणावं असं वाटतंय, म्हणून कुणी बोलत नाही.

आपल्याकडचं "कळलं ना सगळ्यांना?" आणि त्यावर पूर्ण वर्गाचा एका सुरातला "होऽऽऽ" आठवा. हे ऐकू यायला कुठली पूर्वचाचणी लागत नाही, मोबाईलवर आपला एक तास रेकॉर्ड करून ऐकला तरी पुरे.

पुढे ऑस्ट्रेलियात डीकिन विद्यापीठात स्टीफन केमिस वगैरेंनी लेविनच्या टप्प्यांची ती चक्राकार आकृती बनवली जी आता प्रत्येक गाईडमध्ये छापलेली असते. तिकडे दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात ओर्लांदो फाल्स बोर्दा यांनी शेतकऱ्यांबरोबर काम करत वेगळा प्रवाह काढला, लोकांनी स्वतःच स्वतःच्या परिस्थितीचा अभ्यास करायचा. या प्रवाहाचा धागा आपल्या पालघरपर्यंत येतो, तिथल्या आदिवासींच्या, जमिनीच्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्या भूमी सेनेच्या चळवळीवर 1979 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभरात अशा सहभागी संशोधनाबद्दल बोलताना त्याचा दाखला आजही दिला जातो. आपल्या बीएड कॉलेजात याचा उल्लेखही सहसा होत नाही, व्हायला हवा.

आणि पालघर निघालंच आहे तर तिथे आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र, 1957 पासून कोसबाडची टेकडी. मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळा कुरणात नेली, तीच कुरणशाळा. त्या दोघी याला कृतिसंशोधन म्हणत नव्हत्या, पण अडचण बघायची, एक उपाय करायचा, काय होतंय ते बघून बदलायचं, हे सगळं त्यात आहेच. पुण्यात शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक यांनी भारतीय शिक्षण संस्थेतर्फे 1979 पासून शाळेबाहेरच्या मुलांसाठी जे संध्याकाळचे अनौपचारिक वर्ग चालवले ते मात्र कृतिसंशोधन म्हणूनच आखलेले होते. दिवसभर कामं करणाऱ्या, त्यातही मुलींना सोयीची वेळ, आणि मूल्यमापनासाठी परीक्षेऐवजी बालजत्रा.

मग हे फाईलमध्ये कसं गेलं? 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात डाएट, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आली आणि त्यांच्या कामांच्या यादीत कृतिसंशोधन लिहिलं गेलं. हेतू चांगलाच होता, शिक्षकाला जिल्ह्यातच कुणीतरी मदत करणारं मिळावं. पण यादीत आलं की त्याचा आकडा मागितला जातो, आकडा आला की नमुना येतो, आणि नमुना आला की विषयही नमुन्यात बसणारेच निवडले जातात.

उदाहरण घ्या. "इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांना हातच्याच्या वजाबाकीत येणाऱ्या अडचणींचा अभ्यास व उपाययोजना". कारणं ठरलेली: सरावाचा अभाव, पालकांचं दुर्लक्ष, अनियमित उपस्थिती. उपाय: जास्त गणितं. आता त्याच वर्गात एका मुलाजवळ बसून 52 वजा 38 करायला सांगा आणि करताना बोलायला लावा. तो 26 लिहितो आणि सांगतो, 8 मधून 2 गेले 6, 5 मधून 3 गेले 2. का असं केलं? "मोठ्यातून लहान वजा करायचा असतो ना बाई." हे वाक्य त्याला पहिलीत आपणच शिकवलेलं असतं! पालक, सराव, उपस्थिती कशाचाच यात दोष नाही, आणि अशी शंभर गणितं करून घेतली तर तो शंभर वेळा तेच करेल. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे देऊन 52 मांडायला लावलं, 38 काढायला सांगितलं, आणि एक गठ्ठा सोडल्याशिवाय 8 काड्या निघतच नाहीत हे त्याच्या हाताला कळलं की त्याचं गणित बदलायला सुरुवात होते. हे शोधायला मुलाशेजारी दहा मिनिटं बसावं लागतं आणि नमुन्यात त्यासाठी रकानाच नाही.

अजून एक. मी बघितलेल्या जवळपास सगळ्या अहवालांत उत्तरचाचणीचे गुण वाढलेलेच असतात. लेविनच्या चक्रात मात्र योजना फसणं धरलेलंच होतं, म्हणून तर तपासून परत योजना करायचा टप्पा आहे. दर महिन्याला केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद होते, तिथे अर्धा तास तरी यासाठी ठेवावा की एखाद्या बाई किंवा सर उठून सांगतील, हे करून बघितलं, जमलं नाही, मुलांच्या वह्या या अशा आहेत, आणि बाकीचे त्या वह्या हातात घेऊन बोलतील. त्याचा अहवाल मात्र कुणी मागू नये.