एमआरआयची जुनी सीडी टाकू नका

ठाण्यात काय किंवा वाशीत काय, मेंदूचा एमआरआय केला की सेंटरवाले मोठी पिशवी हातात देतात, आत फिल्म, रिपोर्ट आणि एक सीडी. रिपोर्टमध्ये 'एज रिलेटेड अ‍ॅट्रॉफी' (वयामुळे मेंदूची झीज) लिहिलेलं असतं, आपण म्हणतो वय झालं, आणि पिशवी जाते माळ्यावर. पण डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, लवकर ओळखायचा तर खरी माहिती त्या सीडीत आहे.

अल्झायमर या डिमेन्शियाच्या नेहमीच्या प्रकारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग बऱ्यापैकी आधी झिजायला लागतो. कानांच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक, प्रत्येकी साधारण ३ घन सेंटिमीटर. नव्या आठवणी पक्क्या व्हायला तोच लागतो, म्हणून तर आईला स्वतःचं लग्न अगदी मानपानासकट आठवतं पण सकाळची गोळी घेतली का ते आठवत नाही. धडधाकट म्हाताऱ्या माणसात तो वर्षाला साधारण एक-दीड टक्का घटतो, अल्झायमरमध्ये ३ ते ५ टक्के, म्हणजे फार तर ०.१५ घन सेंटिमीटर, आता एवढं नुसत्या डोळ्यांनी कसं दिसणार? रेडिओलॉजिस्ट स्कॅन बघून झिजेला ० ते ४ अशी ग्रेड देतात, ती उपयोगी आहेच, पण सुरुवातीची झीज तिच्यातून निसटू शकते.

इथे सॉफ्टवेअर कामाला येतं. ते सीडीतल्या स्कॅनचे साधारण १ मिलिमीटरचे ठोकळे करतं, कुठला ठोकळा कुठल्या भागातला ते ठरवतं आणि बेरीज करतं. बोस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बनलेलं फ्रीसर्फर तर फुकट मिळतं, त्याला काही तास लागतात, नवीन एआयवाली सॉफ्टवेअर तेच मिनिटांत करतात. मग त्याच वयाच्या लोकांशी तुलना होते, बाळाचं वजन तक्त्यावर मांडतात ना, तसं.

पण तक्ता कोणाचा, हे विचारायलाच हवं. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा अ‍ॅटलास, म्हणजे सरासरी नकाशा, केला, तर आपले मेंदू पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा उंची-रुंदीला सरासरी लहान निघाले. म्हणजे परक्या तक्त्यावर चांगलं माणूसही आजारी दिसू शकतं. शिवाय काहींचा हिप्पोकॅम्पस मुळातच लहान असतो. म्हणून माझ्या मते सगळ्यात भरवशाची तुलना स्वतःच्याच जुन्या स्कॅनशी, तीही शक्यतो त्याच मशीनवर आणि त्याच सेटिंगला. सेंटरवर आधीच सांगा की थ्रीडी टी-वन (बारीक कापांचा स्कॅन) पाहिजे, कारण नेहमीच्या जाड ४-५ मिलिमीटरच्या कापांवर ही मोजणी नीट होत नाही, आणि आत पेशंट हलला तर मेंदू आहे त्यापेक्षा पातळ मोजला जातो.

आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन निघाल्या आणि तलावपाळीला येऊन घरचा रस्ताच विसरल्या, आयुष्य ठाण्यात गेलं तरी. स्कॅन वयाच्या मानाने ठीक आला आणि घरचे निवांत झाले. तसं करू नका हो! आकडा ठीक असला तरी रस्ता चुकला हे डॉक्टरांना सांगायचंच, स्मरणशक्तीची टेस्ट करून घ्यायचीच. देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, जवळपास ८८ लाख माणसं.

आणि बी-१२ आणि थायरॉइड आधी तपासा, त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि त्यावर औषध आहे. म्हातारं माणूस कधी पडलं असेल तर तेही सांगा, मेंदूवर हळूहळू रक्त साठलं असेल तर स्कॅनमध्ये दिसतं, ते काढलं की बरेच जण पुन्हा माणसांत येतात.