ट्रेडिंग कार्डांच्या भावांमागचा इतिहास : आपोआप आलेली आणि ठरवून आणलेली दुर्मिळता

मिकी मँटल या बेसबॉलपटूचे टॉप्स कंपनीने १९५२ साली छापलेले एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतील हेरिटेज या लिलावसंस्थेत १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. विकणाऱ्याने तेच कार्ड १९९१ मध्ये ५० हजार डॉलरना घेतले होते, आणि मुळात ते ज्या पाकिटातून बाहेर पडले त्या पाकिटाची किंमत काही सेंट होती. अशा विक्रीची बातमी होते तेव्हा चर्चा बहुधा आकड्यांभोवतीच फिरते. या बाजाराचा सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा प्रवास पाहिला, तर मात्र भावांतील चढउतार समजण्यासाठी आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: कार्डे दुर्मिळ कशामुळे झाली, आणि ती दुर्मिळ व अस्सल आहेत हे लोकांनी कोणाच्या शब्दावर मानले.

आरंभी कार्ड ही स्वतंत्रपणे विकली जाणारी वस्तू नव्हती. सिगारेटचे मऊ पाकीट चेपू नये म्हणून १८८० च्या दशकातील अमेरिकी तंबाखू कंपन्या त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालत असत, आणि त्या तुकड्यावर अभिनेत्री किंवा खेळाडू छापले की गिऱ्हाईक पुढचे पाकीटही आपलेच घेते, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेल्या संचात होनस वॅग्नर या खेळाडूचेही कार्ड होते, पण त्याने संमती न दिल्यामुळे त्याची छपाई थोडक्यातच थांबली. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला रुचले नाही असे काही जण मानतात, तर मोबदल्यावरून बिनसले असे इतरांचे मत आहे. आज या कार्डाच्या साठच्या आसपास प्रतीच ज्ञात आहेत.

या संचाला 'टी-२०६' हे नाव मिळाले ते जेफरसन बर्डिक यांच्या सूचीतून. सिरॅक्यूज येथे राहणाऱ्या या संग्राहकाने छापील कार्डांची पहिली पद्धतशीर वर्गवारी केली. तिच्यात बहुतेक कार्डांचा भाव काही सेंट होता आणि वॅग्नरच्या कार्डाचा ५० डॉलर. संधिवाताने बोटे आखडलेली असतानाही आपला तीन लाखांहून अधिक नगांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन तो वह्यांत चिकटवत बसण्यात बर्डिक यांनी आयुष्याची अखेरची वर्षे घालवली, आणि १९६३ मध्ये ते वारले. कार्डांना बाजारभाव असू शकतो ही कल्पना रुजवणारा माणूस स्वतः त्या भावाच्या मागे नव्हता, याची नोंद आवर्जून घ्यावीशी वाटते.

मँटलच्या कार्डाची कथा वेगळी आहे. साय बर्जर यांनी टॉप्ससाठी आखलेल्या १९५२ च्या संचाचा शेवटचा भाग बेसबॉलचा हंगाम सरत आल्यावर दुकानांत पोहोचला; तोवर मुलांचे लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे वळले होते आणि दुकानदार माल घ्यायला तयार नव्हते. न खपलेली खोकी वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिली, आणि अखेर १९६० च्या सुमारास आपण ती न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिक महासागरात बुडवली, असे बर्जर यांनीच पुढे सांगितले. वास्तविक हे मँटलचे पहिले कार्ड नव्हे, कारण बोमन कंपनीने त्याचे कार्ड १९५१ मध्येच काढले होते. शिवाय संचाच्या त्या शेवटच्या भागात मँटलचे कार्ड इतर बहुतेक कार्डांच्या दुप्पट छापले गेले होते. तरीही त्या संचात भाव सर्वाधिक त्याचाच आहे, कारण ज्या मुलांनी ही कार्डे सायकलच्या चाकात खोचली किंवा ज्यांच्या घरच्यांनी ती कचऱ्यात टाकली, ती मुले मिळवती झाल्यावर आपले लहानपण परत मिळवू पाहत होती, आणि त्या लहानपणाचा चेहरा मँटलचा होता.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस ही मागणी स्पष्ट दिसू लागली. १९७९ मध्ये जेम्स बेकेट यांनी किंमतसूची प्रसिद्ध करायला सुरुवात केली, १९८४ पासून त्यांचे मासिक निघू लागले, आणि प्रत्येक कार्डासमोर छापील आकडा आला. त्याच सुमारास १९८० च्या एका न्यायालयीन निकालाने टॉप्सची मक्तेदारी मोडली आणि पुढच्याच वर्षी फ्लीअर व डॉनरस या कंपन्या बेसबॉल कार्डांच्या बाजारात उतरल्या; १९८९ मध्ये अप्पर डेकही आली. जुन्या कार्डांचे भाव वाढताना पाहून लोकांनी नवी कार्डे खोक्यांनी विकत घेऊन, न उघडता साठवली, आणि कंपन्यांनी ती मागणी पुरवण्यासाठी छपाई अफाट वाढवली. जुनी कार्डे महाग झाली होती ती कोणी जपली नव्हती म्हणून. ही नवी कार्डे सर्वांनीच जपली. १९९४ च्या खेळाडूंच्या संपाने त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, रद्द झाली आणि आधीच डळमळणारा बाजार बसला. संग्राहक या काळाला 'जंक वॅक्स' (मेणकागदी पाकिटांतील रद्दी) म्हणतात, आणि त्यातील बहुतेक खोकी आजही फारशा भावाने जात नाहीत.

याच पडझडीच्या तोंडावर, १९९१ मध्ये, पीएसए ही प्रतवारी करणारी कंपनी सुरू झाली. कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राचे मध्यस्थान तपासून १ ते १० असा दर्जा द्यायचा आणि कार्ड प्लॅस्टिकच्या बंद पेटीत सील करायचे, ही तिची पद्धत. तिने पहिले तपासलेले कार्ड होते वॅग्नरचे, आणि तेही हॉकीपटू वेन ग्रेट्झकी व त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी त्याच वर्षी ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतलेले. त्याला ८ दर्जा मिळाला. त्याच कार्डाच्या कडा आपण कापून नीट केल्या होत्या, अशी कबुली लिलावकर्ते बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये दिली. तरीही प्रतवारीचे महत्त्व घटले नाही, कारण इंटरनेटवरील लिलावात न पाहिलेली वस्तू अनोळखी माणसाकडून घेणाऱ्याला तिसऱ्याचा शब्द हवाच होता. एकाच कार्डाच्या ९ आणि १० या दर्जांत भावाची अनेक पटींची तफावत पडू लागली, ती यानंतरच.

अतिछपाईचा धडा घेऊन कंपन्यांनी दुर्मिळता स्वतःच छापायला घेतली: मोजक्या संख्येची क्रमांकित कार्डे, खेळाडूंच्या सह्या, सामन्यात घातलेल्या जर्सीचे तुकडे. खेळाच्या कार्डांबाहेर हाच प्रश्न रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळापुढे आला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या खेळातील जुनी कार्डे १९९५ मध्ये पुन्हा छापली गेल्यावर संग्राहक संतापले, आणि १९९६ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने काही कार्डे पुन्हा न छापण्याची यादी जाहीर केली. त्या यादीतील 'ब्लॅक लोटस' या कार्डाचा आजचा भाव बव्हंशी त्या लेखी वचनावर टिकून आहे.

२०२० च्या साथीत घरात अडकलेल्या लोकांनी जुनी खोकी उघडली, हातात सरकारी मदतीचा पैसा होता, आणि मायकल जॉर्डनवरील माहितीपटाने बास्केटबॉलच्या कार्डांना नवा ग्राहक दिला. फ्लीअरच्या १९८६ च्या संचातील जॉर्डनचे, १० दर्जाचे कार्ड जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरपर्यंत गेले आणि पुढे निम्म्याहूनही खाली आले. तपासणीसाठी आलेल्या कार्डांचा ढीग इतका साचला की मार्च २०२१ च्या अखेरीस पीएसएने आपल्या बहुतेक सेवा काही काळ थांबवल्या. मे महिन्यात टार्गेट या दुकानसाखळीने मारामारीच्या घटनेनंतर कार्डांची दुकानांतील विक्रीच बंद ठेवली. भावांच्या घसरणीला सर्व कार्डे सारखी बळी पडली नाहीत: ज्यांच्या १० दर्जाच्या प्रती दर महिन्याला वाढत होत्या ती अधिक घसरली, तर वॅग्नरच्या एका कार्डाला ऑगस्ट २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलर मिळाले.

पोकेमॉनच्या बाबतीत छपाईचे आकडे उघड आहेत. १९९६ मध्ये जपानमध्ये सुरू झालेल्या या कार्डांची एकूण संख्या मार्च २०२१ पर्यंत सुमारे ३,४१० कोटी होती. मार्च २०२४ पर्यंत ती ६,४८० कोटी झाली. म्हणजे पहिल्या जवळपास २५ वर्षांत जितकी कार्डे छापली गेली, जवळपास तितकीच पुढच्या तीन वर्षांत. नवी पाकिटे न उघडता साठवणाऱ्याने १९९० च्या बेसबॉल कार्डांचे काय झाले ते आधी पाहावे, असे मला मनापासून वाटते.

मँटलच्या कार्डाचा विक्रम तीन वर्षे टिकला. ऑगस्ट २०२५ मध्ये हेरिटेजच्याच लिलावात जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघा बास्केटबॉलपटूंच्या सह्या व जर्सीवरील बोधचिन्हे असलेले अप्पर डेकचे २००७-०८ चे कार्ड १ कोटी २९ लाख ३२ हजार डॉलरना गेले. मँटलच्या कार्डाच्या अनेक प्रती, बर्जर यांच्या सांगण्याप्रमाणे, समुद्रात बुडाल्या होत्या. या कार्डाची कंपनीने मुळात एकच प्रत काढली होती.