"ओळखलं का मले?" हा प्रश्न बंद करा: कोविडमधलं डिलिरियम आणि डिमेन्शिया

नागपुरात आजही २०२१ च्या एप्रिलचा विषय निघाला की कोणी ना कोणी म्हणतंच, "बाबांना कोविड झाला, ऑक्सिजनवर होते, अन् तिथंच त्यांना डिमेन्शिया झाला." नाही हो. चार दिवसांत डिमेन्शिया होत नसतो. चार दिवसांत होतं ते डिलिरियम, म्हणजे आजारपणात डोकं अचानक गोंधळणं, आणि या दोघांची गल्लत केली की पेशंटचं खरंखुरं नुकसान होतं, म्हणून हे लिहितोय.

डिमेन्शिया बहुतेकांनी घरात किंवा शेजारी पाहिलाय, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. तो वर्षानुवर्षं हळूहळू चढतो, आधी नावं जातात, मग हिशोब, मग इतवारीतला रोजचा रस्ता. डिलिरियम तासांत किंवा एकदोन दिवसांत येतं. काल सकाळी पेन्शनचं सगळं नीट सांगणारा माणूस आज रात्री सलाईन उपटून "मले बसस्टँडवर जायचं आहे" म्हणतो. हा वेळेचा फरक एकदा सांगितला की सगळ्यांना कळतो.

घोळ होतो तो पुढे. नातेवाईक जातात किंवा व्हिडिओ कॉल लावतात आणि पहिला प्रश्न काय, तर "ओळखलं का मले?" ओळखलं तर डोकं ठीक आहे, नाही ओळखलं तर डोकं गेलं, असा निकाल तिथल्या तिथे लागतो. दोन्ही निकाल चुकीचे, कारण डिलिरियममध्ये सगळ्यात आधी बिघडतं ते लक्ष. डिमेन्शियाच्या सुरुवातीला माणूस विसरतो, पण तुमच्याशी बोलताना तो तुमच्यासोबत असतो, प्रश्न पूर्ण ऐकतो. डिलिरियमवाला मुलाचं नाव अचूक सांगतो आणि पुढच्या वाक्याच्या मध्येच सुटून जातो.

आमच्या मामांचं हेच झालं होतं. नर्सने किट घालून फोन धरलेला, मामांनी मला नावाने हाक मारली, सगळे खूश. मी म्हटलं, मामा, वार उलटे सांगा बरं. "रविवार, शनिवार, शुक्रवार..." आणि थांबले, पंख्याकडे पाहत राहिले, मग चादरीचे नसलेले धागे बोटांनी उपसायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे वार उलटे धडाधड सांगितले आणि संध्याकाळी पुन्हा तेच. हे जे दिवसात वरखाली होणं आहे ना, ती डिलिरियमची मोठी खूण आहे, म्हणून "सकाळी तर बरे होते" यावर गाडी थांबवायची नाही, संध्याकाळी परत पाहायचं.

आणि आरडाओरड करणारा पेशंट तरी लक्षात येतो. शांत डिलिरियम कोणाच्याच लक्षात येत नाही. माणूस पडून राहतो, हाक मारली की डोळे उघडतो, हूं म्हणतो, परत मिटतो, आणि घरचे म्हणतात थकलेत, झोपू द्या. वयस्क माणूस अचानक असा गप्प झाला तर ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. २०२० मध्ये अमेरिकेत इमर्जन्सीत आलेल्या ६५ च्या वरच्या ८१७ कोविड पेशंटांचा अभ्यास झाला, त्यात २८ टक्क्यांना येतानाच डिलिरियम होतं, आणि त्यातल्या ३७ टक्क्यांना ताप, दम वगैरे कोविडची नेहमीची लक्षणं नव्हतीच. म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं असं बरळणं किंवा गप्प होणं हेच आजाराचं लक्षण असू शकतं, त्याला वय झालं म्हणून सोडून देणं मला अजिबात पटत नाही.

कारणं एकात एक गुंतलेली असतात. ऑक्सिजन कमी, ताप, शरीराच्या आतली सूज (इन्फ्लमेशन), सोडियम घसरलेलं, पाणी कमी, लघवी तुंबलेली, स्टेरॉइड, वर झोपेची औषधं, आणि रात्रंदिवस सारखेच लाइट अन् चेहरा न दिसणारी माणसं. यातली बरीच दुरुस्त होतात, म्हणूनच डिमेन्शियाचा शिक्का मारून मोकळं व्हायचं नाही.

सगळ्यात राग येतो तो "रात्री त्रास देतात, झोपेची गोळी द्या" या मागणीचा. १४ देशांतल्या आयसीयूंमधल्या २०८८ कोविड पेशंटांच्या अभ्यासात निम्म्याहून जास्त लोकांना डिलिरियम झालं, आणि मिडाझोलामच्या गटातली गुंगीची औषधं मिळालेल्यांना धोका जास्त होता. घरचं माणूस भेटलं, अगदी व्हिडिओवर का होईना, तर धोका कमी दिसला. तेव्हा गोळी मागण्यापेक्षा चष्मा, कानाचं मशीन, कवळी पोचवा, घड्याळ दिसेल असं ठेवायला सांगा, हात बांधण्याऐवजी कोणाला तरी जवळ बसू द्या. एक गोष्ट मात्र लपवू नका. पेशंट रोज दारू घेत असेल किंवा वर्षानुवर्षं झोपेची गोळी खात असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण ते अचानक बंद झाल्यानेही डिलिरियम होतं आणि त्याचा उपचार वेगळा असतो. लाजेपायी घरचे हे सांगत नाहीत.

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अचानक बोबडं झालं तर हे सगळं बाजूला ठेवा, तो स्ट्रोक असू शकतो, लगेच डॉक्टर.

आता गुंता एवढाच की आधीपासून डिमेन्शिया असलेल्याला डिलिरियम लवकर होतं, आणि डिलिरियम उतरल्यावरही काहींची स्मरणशक्ती पहिल्यासारखी होत नाही. त्यामुळे डिमेन्शियाची तपासणी वॉर्डात पलंगावर करू नका, घरी येऊन काही महिने जाऊ द्या, आणि न्यूरोलॉजिस्टकडे जाताना ॲडमिट होण्याआधी ते स्वतःचं काय काय करत होते, बँक, औषधं, स्वयंपाक, गाडी, हे लिहून न्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.