‘व्हिसेरा राखून ठेवला’ या वाक्यामागचा इतिहास

संशयास्पद मृत्यूची बातमी मराठी वृत्तपत्रांत बहुधा एकाच वाक्यावर येऊन थांबते : व्हिसेरा राखून ठेवण्यात आला असून रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आल्यावर मृत्यूचे नेमके कारण स्पष्ट होईल. हे वाक्य वाचकाच्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यामागे विषशास्त्राचा मोठा आणि पुष्कळदा वेदनादायी इतिहास आहे याकडे सहसा लक्ष जात नाही.

शवविच्छेदनाच्या वेळी जठर त्यातील अन्नासह, लहान आतड्याचा वरचा भाग, यकृताचा तुकडा आणि दोन्ही मूत्रपिंडांचा निम्मा निम्मा भाग रुंद तोंडाच्या बरण्यांत काढून घेतात; हाच व्हिसेरा. त्यावर मिठाचे संपृक्त द्रावण ओततात. फॉर्मेलिन हे अवयव टिकवण्याचे रसायन टाळतात, कारण त्याने ऊती कडक होतात आणि त्यांतून विष वेगळे काढणे अवघड होऊन बसते. बरण्यांना लाखेचे सील लागते आणि त्यांच्याबरोबर त्याच मिठाच्या द्रावणाचा कोरा नमुनाही प्रयोगशाळेत जातो. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण विष मृतदेहात होते, टिकवण्यासाठी घातलेल्या मिठात नव्हते, हे न्यायालयात दाखवता यावे म्हणून ही काळजी घेतली जाते.

पुराव्याची ही गरज जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अकस्मात मृत्यूच्या तपासावर स्वतंत्र प्रकरण आहे. विषाने मेल्याचा संशय असल्यास उरलेले अन्न पक्ष्यांना घालून पाहावे आणि मृताच्या हृदयातून काढलेला अंश अग्नीत टाकावा, तो चिटचिट आवाज करू लागला किंवा त्यात इंद्रधनुष्याचे रंग दिसले तर विष आहे असे समजावे, असे त्यात सांगितले आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी अगदतंत्र हे तर पूर्णपणे विषचिकित्सेचेच अंग होय. मात्र बचनाग, धोतरा, कण्हेर, सोमल यांची लक्षणे वैद्याला ठाऊक असणे वेगळे आणि मृतदेहातून ते विष काढून न्यायाधीशासमोर ठेवणे वेगळे.

हे दुसरे काम प्रथम साधले ते सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या बाबतीत. १८३२ साली इंग्लंडमध्ये आजोबांना कॉफीतून विष दिल्याच्या खटल्यात जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाने आर्सेनिक शोधून काढले, पण ज्यूरीपुढे ठेवेपर्यंत तो नमुना बिघडला आणि आरोपी सुटला. ही गोष्ट मार्श यांना स्वस्थ बसू देईना. १८३६ मध्ये त्यांनी नवी चाचणी प्रसिद्ध केली. जस्त आणि आम्ल यांच्या संयोगातून निघणाऱ्या हायड्रोजनबरोबर आर्सेनिक वायुरूपात बाहेर पडते आणि त्या वायूची ज्योत थंड चिनी मातीवर धरली की काळा, चकचकीत डाग उमटतो. हा डाग ज्यूरीला डोळ्यांनी पाहता येई. चारच वर्षांनी फ्रान्समधील लाफार्ज या विषप्रयोगाच्या खटल्यात विषशास्त्रज्ञ मात्यू ओर्फिला यांनी हीच चाचणी करून दाखवली. पुढे बेल्जियमच्या ज्याँ स्टास यांनी मृतदेहातून निकोटिन वेगळे काढले आणि वनस्पतिजन्य विषेही रसायनशास्त्राच्या आवाक्यात आली.

भारतात सरकारी रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा मद्रासला १८४९ मध्ये, कलकत्त्याला १८५३ मध्ये आणि मुंबईला १८७० मध्ये सुरू झाली. मुंबईच्या प्रयोगशाळेचे नाव लवकरच सर्वतोमुखी झाले ते बडोद्यामुळे. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी तिथले रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचा घोट घेतला, त्यांना अस्वस्थ वाटू लागले आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. त्या गाळात आर्सेनिक आणि हिऱ्याची पूड असल्याचा निष्कर्ष मुंबईतील तपासणीतून निघाला. विष होते, यावर फारसा वाद राहिला नाही. ते बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्या सांगण्यावरून घातले गेले काय, या प्रश्नावर मात्र चौकशी आयोगाचे तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य विरुद्ध बाजूंना गेले. मल्हाररावांना गादी सोडावी लागली, पण कारण दिले गेले ते गैरकारभाराचे. बरणीत काय आहे एवढेच रसायनशास्त्र सांगते, ते कोणी घातले हे सांगत नाही, हा धडा आपल्याकडे असा आरंभीच मिळाला.

याच्या नेमकी उलट बाजू पुढे आली ती पुण्यातील डॉ. लागू खटल्यात. नोव्हेंबर १९५६ मध्ये मधुमेह असलेल्या एका श्रीमंत विधवेला तिच्या डॉक्टरने रात्रीच्या गाडीने पुण्याहून मुंबईला नेले. रुग्णालयात ती बेशुद्धावस्थेतच दाखल झाली आणि काही तासांत वारली. पुढे तिच्या व्हिसेऱ्यात कोणतेही विष सापडले नाही. तरीही डॉक्टरने तिचे नाव बदलून सांगणे, मृत्यू दडवून ठेवणे, खोट्या कागदपत्रांच्या आधारे तिची मालमत्ता गिळंकृत करणे या परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा झाली आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती कायम केली. एका न्यायमूर्तींनी भिन्न मत नोंदवले होते, हेही विसरता कामा नये. शोध लागणे अवघड अशी विषे असतात आणि कित्येक विषे शरीरातच विघटित होतात, म्हणून ‘विष आढळले नाही’ हा अहवाल ‘विष दिले गेले नाही’ याचा दाखला ठरत नाही, हे या निकालाने कायद्यात पक्के केले.

परंतु विषशास्त्राचे काम खुनाच्या तपासापुरते राहिलेले नाही. १९५८ साली केरळ आणि मद्रास राज्यांत शंभरावर माणसे दगावली, कारण त्यांच्या पोटात गेलेल्या गव्हाच्या पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले होते. १९६८ चा कीटकनाशक कायदा याच दुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर आला. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले, मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध खरेदी व तपासणीतील भ्रष्टाचार उघडा पाडला. याच द्रव्याने १९३७ मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले होते. म्हणजे धोका अर्धशतकापासून माहीत होता. रुग्णाच्या ओठाला लागण्यापूर्वी बाटली तपासली गेली नाही, एवढेच घडले आणि तेवढे पुरेसे ठरले.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके कोलिनेस्टरेज या विकराचे (एन्झाइमचे) काम बंद पाडतात, मग घाम, लाळ, डोळ्यांच्या आकुंचित बाहुल्या आणि शेवटी श्वास अडकणे अशी लक्षणे क्रमाने दिसतात. रक्तातील या विकराचे प्रमाण वेळेवर मोजले तर विषबाधेची तीव्रता कळते आणि अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याच्या उपचाराला दिशा मिळते. ही चाचणी जिवंत माणसाच्या रक्तावर, पहिल्या काही तासांत करायची असते. फवारणीच्या हंगामात ती मजुराच्या गावापासून किती अंतरावर उपलब्ध आहे, हा प्रश्न कपाशी आणि सोयाबीनच्या प्रत्येक तालुक्यात विचारायला हवा.